हूवव्वा आणि पंपाची जाळी

तामलवाडी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिस,

अण्णारावचा आशीर्वाद. वर ‘चि. सौ.’ लिहून झालं होतं. हाताला चार वर्षांची सवय, त्याला कुठं काय कळतंय. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या आईनं दिला, तोही तुझ्या सासूनं दोनदा विचारल्यावर. पुण्याच्या लॅबवर टाकतो आहे, कारण घराचा पत्ता तू कुणाला देऊ नको म्हणालीस म्हणे. असो. ज्याचं त्यानं ठरवायचं.

काम असं आहे. हूवव्वाला लागलं आहे.

आठवण असेल तर आठवून बघ. तू आणि माझ्या शिवपुत्रानं तिला पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात आणलं होतं, एसटीत मांडीवर घेऊन. तुम्ही दोघं त्या समुद्रातल्या जिवाला सी ॲनिमोन म्हणायचा. तुझ्या सासूच्या जिभेला ते झेपेना. तिनं आपल्या कन्नडात तिला हूवव्वा केलं, फुलाची बाई. गोरोबा चहावाला अजून म्हणतो, “अण्णा, गावाला प्यायला टँकर अन् तुमच्या पुढच्या खोलीत दर्या.”

शनिवारी सकाळी काचेच्या टाकीत बघतो तर ती तिच्या दगडावर नव्हती. चालत चालत लाटेच्या पंपापाशी गेली होती आणि पंपानं तिला आत ओढलं होतं. निम्मे हात तुटले, पाय एका अंगानं फाटला. पाणी पातळ ताकासारखं झालेलं. त्या दोन नारंगी मासळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या.

पंपाची जाळी निसटलेली होती. जुनी झाली होती. वस्तूचं पण वय असतं. त्यात इथली लाईट तुला ठाऊक आहे. दाब कधी वर कधी खाली, पंप कधी मरगळतो कधी पिसाळतो.

मी मोटर बंद केली. पंखा बोटानं उलटा फिरवला, एक एक वेढा, आणि तिला सोडवली. ओढली नाही. चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरींतनं कॉइली सोडवतो आहे. अडकलेलं ओढायचं नसतं एवढं या हातांना कळतं. आता भाजी धुवायच्या जाळीच्या टोपलीत घालून टाकीतच टांगली आहे. तोंड वासलेलं आहे, मिटत नाही.

टाकीवर तू जाताना चिकटवलेला कागद आहे, तुझ्या अक्षरात आठ ओळी. त्यात खाणं आहे, मीठ आहे, उजेड आहे. जखम झाली तर काय करायचं ते नाही. तेवढं लिहून पाठव. माझ्यासाठी नको. त्या मुक्या जिवाशी तर तुझं काही वाकडं नाही.

तुझ्या सासूचे गुडघे तसेच. मी ठीक.

तुझा मामा,
अण्णाराव

*

तामलवाडी,
१२ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षा हिस,

तुझी चिठ्ठी पोचली. वर ‘मामा’ नाही, खाली नाव नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर निदान पेशंटचं नाव असतं.

सात ओळी लिहिल्यास. पंधरा दिवस खायला देऊ नका. रोज थोडं पाणी बदला. फिल्टरमध्ये नवा कोळसा घाला. उजेड निम्मा करा. हात लावू नका. तोंडातनं आतलं बाहेर आलं आणि वास सुटला तर काढून टाका, नाहीतर तिच्या विषानं मासे पण जातील. सगळं तसंच चाललं आहे.

सातव्या ओळीत लिहिलंस, ‘जाळी आपोआप निसटत नाही.’ तू रक्त तपासतेस, जाळ्या तपासत नाहीस. एवढंच सांगतो.

रोज सकाळी जारचं पाणी आणतो. तू सांगून गेलीस तेच मीठ घालतो, मीठ मोजायचा काटा बघतो, आणि एक बादली काढून एक बादली घालतो. ऊन वाढलं तसं टाकीतलं पाणी उडतं. पहिल्यांदा मी उडालेल्या पाण्याच्या जागी पण खारंच घालत होतो. मग एक दिवस काटा वर चढलेला दिसला तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं. कढीचं पातेलं चुलीवर विसरलं की काय होतं ते जन्मभर बघून पण कळलं नव्हतं. आता उडालेल्याच्या जागी साधं.

तुझी सासू पहिल्या दिवशी हळदीचा डबा घेऊन उभी होती. म्हटलं, “अगं शरणम्मा, पाण्यात हळद कालवलीस तर मासे पिठल्यात पोहतील.” तर म्हणाली, “तुम्हाला दुसऱ्याच्या औषधावर हसायलाच येतंय. तुमचं औषध आमी बघितलंय.” आणि आत गेली.

मी रोज टोपलीशी नाक नेऊन वास घेतो. अजून तरी नुसत्या खाऱ्या पाण्याचा येतो. मासळ्यांतली मोठी, तिला मादी म्हणायचा ना शिवपुत्र, ती टोपलीला बाहेरून अंग घासते. आत जायला वाट नाही. ती वाट शोधून शोधून दमत नाही.

त्या जोडीकडं बघून तू गेलीस तो दिवस आठवला. शिवपुत्राचं बारावं झालं आणि तू बॅग उचललीस. तुझी सासू ‘पाणी तरी पिऊन जा’ म्हणत होती. तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, “मामा, शेवटच्या वेळी त्याला मी नको होते. ते त्यानं तोंडानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

तेव्हाही मी त्यात शिरलो नाही. आजही त्यात शिरत नाही.

तोंड आज थोडं मिटल्यासारखं वाटलं. वाटलं, एवढंच.

मामा

*

तामलवाडी,
२४ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षा हिस,

हूवव्वाच्या पायानं टोपलीचा तळ धरला आहे. मी काडीनं हलकं हलवून बघितलं. तू हात लावू नका लिहिलंस, काडी लावू नका लिहिलं नव्हतंस. हलली नाही. फाटलेली बाजू आत वळून शिवल्यासारखी झाली आहे. तुटलेल्या हातांच्या जागी बारीक मोड आले आहेत, भिजवलेल्या मटकीसारखे.

तुझं उत्तर आलं नाही. मी मागितलं पण नव्हतं. पण पोस्टमनची सायकल दुकानापुढून जाते तेव्हा हातातलं काम थांबतं. गोरोबा ते बघतो. काल म्हणाला, “अण्णा, मनीऑर्डर येणार हाय का?” म्हटलं, “तुझी उधारी फेडायला येणार हाय.” हसला. चांगला माणूस आहे, फार विचारत नाही.

आज एक सांगायचं आहे. जाळी मी काढली.

तुझ्या कागदावरची पाचवी ओळ, ‘पंपाची जाळी काढू नका’, माझ्या डोळ्यासमोर होती. वाचत होतो आणि काढत होतो. झालं असं की जाळीत शेवाळ बसलं होतं आणि मोटरीचा आवाज बसला होता. तुला तो ऐकू आला नसता. मला येतो. मोटर दम खात होती. दुकानात असं जनावर आलं की मी पहिलं त्याचं तोंड मोकळं करतो. मोटरीला श्वास लागतो, हे मी अख्ख्या तालुक्याला शिकवलं. जाळी काढली तर मोटर कशी गायला लागली म्हणून सांगू. खुशीत चहा पिऊन आलो. मोटर वाचवली आणि जिच्यासाठी मोटर होती तिला घातलं तिच्या तोंडात.

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. त्याचं कारण सांगतो, सबब म्हणून नाही. सोलापुरात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांचा एक कायदा होता. आपल्या हातनं गिऱ्हाइकाची मोटर जळाली तर बोंब मारायची नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचं, ‘थोडं काम निघालंय, उद्या या.’ त्या दिवसात कॉइल परत भरायची, चालू करायची, मग हातात द्यायची. गिऱ्हाईक खूश, दुकानाचं नाव शाबूत. चाळीस वर्षं हा कायदा पाळला. एकाही शेतकऱ्याला कळलं नाही की त्याची मोटर माझ्या हातनं एकदा मेली होती.

हूवव्वा बरी झाल्यावर तुला सांगणार होतो. बरी व्हायला लागली, म्हणून सांगितलं. बघ, कायदा अजून मोडलेला नाही.

मामा

*

तामलवाडी,
१७ मार्च

चि. प्रतीक्षा हिस,

काल खाल्लं तिनं.

मटकीच्या दाण्याएवढा कोळंबीचा तुकडा चिमट्यानं दिला. थोडा वेळ नुसता हातावर पडून राहिला. मग एका हातानं दुसऱ्याकडं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, असं करत तोंडापर्यंत नेला आणि तोंड मिटलं. तुझी सासू शेजारी खुर्चीवर होती. डोळ्याला पदर लावून म्हणाली, “ऊटा आयतु.” जेवण झालं म्हणाली. शिवपुत्राला ताप असताना पेज भरवून बाहेर आली की असंच म्हणायची.

टोपली काढली. हूवव्वा आता नव्या जागी बसली आहे. जुन्या दगडावर मी ठेवून बघितली तर दोन दिवसांत उठून गेली. डावीकडच्या काचेखालचा सपाट दगड तिनं निवडला, पंपापासून सगळ्यांत लांब. तुझ्या चिठ्ठीत हे पण नव्हतं, की तिला आपण जागा द्यायची नसते. मासळ्या दोन्ही तिच्यात शिरून बसल्या आहेत.

जाळी धुऊन परत बसवली आहे, वरून नायलॉनच्या दोऱ्याचे दोन वेढे. मोटर दम खाते तर खाऊ दे.

आता घरातलं बोलणं लिहितो. ऐकून राग आला तर येऊ दे. तुझी सासू काल म्हणाली, “बरी झाली म्हणून कळवू नका तिला.”

म्हटलं, “का?”

“बरी झाली म्हणलं तर ती कशाला येती? अजून आजारीच हाय म्हणा. लई बिघडलंय म्हणा. जीव जातोय म्हणलं की पोरगी एसटीत बसल.”

“अन् आल्यावर? टाकीत बघितल्यावर?”

“आल्यावर जेवायला तर बसल.”

खोटं बोलायला नको, अख्खी रात्र मी त्या विचारात काढली. पत्र दोनदा तसं लिहिलं पण. ‘हूवव्वाचं काही खरं नाही, लवकर ये.’ अक्षर इतकं सरळ आलं की माझी मलाच भीती वाटली. फाडलं.

बरी आहे ती. ये एकदा. तुझी वस्तू तू घेऊन जा, नाहीतर नुसती बघून जा. शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे तुझ्या सासूनं. दोन महिने टिकते, तेवढ्यात तुला एक रविवार सापडेल. आणि नसेल यायचं तर तसं एका ओळीत लिही. वर मामा नको, खाली नाव नको.

अण्णाराव

*

तामलवाडी,
७ एप्रिल

चि. सौ. कां. प्रतीक्षा हिस,

आज हे चुकून लिहिलेलं नाही.

तुझा भाऊ शंभू दुपारी दुकानात आला होता. उन्हाचा, रुमाल डोक्याला. मी गोरोबाकडनं चहा मागवला. कप खाली ठेवून म्हणाला, “अण्णा, वीस तारखेला ताईचं लगीन हाय. तुम्हाला बोलवायला न्हाय आलो. कळवायला आलो. दुसरीकडनं कानावर येऊ नये.”

म्हटलं, “बरं केलंस.” खरंच म्हटलं. पोरगा कसा आहे विचारलं. तुझ्याच लॅबमध्ये आहे, शांत आहे, म्हणाला. मग चाचरत म्हणाला, “ताईनं निरोप दिलाय, टाकीतले जीव सोलापूरच्या माशांच्या दुकानात देऊन टाका. ती काय येणार न्हाय आता.”

एवढ्यावर तो उठला असता तर हे पत्र झालं नसतं. मीच विचारलं, “खुशीनं करतीया ना रे?”

शंभू दाराकडं बघत म्हणाला, “खुशीनं म्हणजे, ती म्हणती, पहिल्याला मी नको होते. ह्याला तरी हवी हाय.”

तो गेला. समोर टोपे यांची पाच एच.पी.ची मोटर उघडी पडली होती. हात लावला नाही. घरी आलो आणि टाकीपुढं बसून हे लिहितो आहे. हे काम दुरुस्त होऊन मग सांगायचं नाही, कारण हे दुरुस्त होत नाही. उस्तादांचा कायदा इथं मोडतो.

त्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, डेंगीच आहे, पेशी उतरत आहेत, सोलापूरला हलवा. शिवपुत्र खाटेवर बसला होता. पहिला शब्द म्हणाला, “आप्पा, प्रतीक्षाला फोन लावा.” मी म्हटलं, तिचा पुण्यात गुरुवारपर्यंत पेपर आहे. म्हणाला, “असू द्या. लावा.” मी ‘लावतो’ म्हटलं. लावला नाही. सोलापूरला पण नेलं नाही. गावच्या दवाखान्यात सलाईन लावली. माझ्या डोक्यात असं, की गुरुवारपर्यंत पेशी वर येतील, तू पेपर देऊन येशील तेव्हा तो अंगणात खुर्चीवर बसलेला असेल. थोडं काम निघालंय, उद्या या.

त्याचा फोन मी खिशात ठेवला. तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा ‘झोपलाय, साधा ताप आहे’ म्हणालो ते मीच. ते तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

मंगळवारी त्यानं परत विचारलं. म्हटलं, “निघालीय.” हुरूप आला त्याला, अर्धी वाटी पेज खाल्ली. बुधवारी बोलणं जड झालं होतं. म्हणाला, “कुठवर आली?” आता काय सांगायचं? म्हटलं, “बस बिघडली होती म्हणे वाटेत. आता इंदापूर सोडलंय.” तर त्यानं चादरीवर बोटं ठेवली आणि मोजायला लागला. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर. तुम्ही हूवव्वाला घेऊन आलात तीच वाट. थोड्या वेळानं विचारायचा आणि मी पुढचं गाव द्यायचो. टेंभुर्णी दिली. संध्याकाळी मोहोळ दिलं. त्याचं तोंड सारखं दाराकडं.

तुझी सासू कोपऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ‘तुमचं औषध आमी बघितलंय’ म्हणाली ना, ते हे.

गुरुवारी पोळा. बाहेर बैलं सजवून हलगी वाजत होती आणि आत त्याच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं. तेव्हा तुला फोन लावला आणि गाडी केली. तू सोलापूरला पोचलीस तेव्हा त्याच्या तोंडात नळी होती. बाहेर बाकावर तू मला विचारलंस, “मला का नाही बोलावलं?” तू रक्त तपासणारी. सोमवारचा कागद तुझ्या हातात पडला असता तर तू त्याला त्याच दिवशी उचलून नेला असता, हे मला त्या बाकावर कळलं. आणि मी म्हणालो, “त्यानंच नको म्हटलं. तुझा पेपर बिघडेल म्हणाला.”

शुक्रवारी तो गेला. ते वाक्य मागं राहिलं. मेलेल्या पोरावर मी माझी चूक टाकली, कारण तो ती नाकारायला उठणार नव्हता. दीड वर्ष तू त्याच्यावर रुसून आहेस, आणि मी इथं बसून तू माझ्यावर का रुसलीस म्हणून तुला टोमणे लिहितो आहे.

हे आता कशाला, असं तुला वाटेल. नवं घर मांडतेस, त्यात हा धोंडा. पण तू ‘नको होते’ हे मनात घेऊन बोहल्यावर उभी राहू नकोस. ते खोटं आहे आणि ते माझं आहे. माफी मागत नाही. गिऱ्हाईक परत येण्यासारखं हे काम नाही.

तुझ्या निरोपाप्रमाणं सोलापूरचा दुकानदार शनिवारी येणार आहे. त्याला सांगितलं आहे, हूवव्वाला दगडावरून सोडवायचं नाही, पाय फाटतो. दगडासकट न्या. मासे तिच्यासोबतच. पंपाची जाळी त्याच्या हातात देऊन दाखवणार आहे.

चटणीचा डबा शंभूबरोबर पाठवायला तुझी सासू दुकानापर्यंत चालत आली, गुडघे धरत. तो निघून गेला होता. डबा परत घरी आला आहे.

पत्राखाली नातं लिहीत नाही.

जाळी मी काढली होती. तुला बोलावू नका असं तो कधीच म्हणाला नव्हता. बोटांवर मोजत मोजत त्यानं तुला मोहोळपर्यंत आणली होती. त्याच्यापुढचं गाव मला देता आलं नाही.

अण्णाराव